प्रयोग तर घरोघरी चालूच आहे

सोलापुरात अक्कलकोट रोडला माझं मेडिकल आहे. आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांतल्या एक मावशी विड्या वळतात, पोरगा यंत्रमागावर. दोन औषधं चालू असूनही पोराला फिट येते. मुंबईच्या एका मोठ्या केंद्रात त्याला विचारलंय, नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये, म्हणजे माणसांवरच्या चाचणीत, येतोस का? तेव्हापासून गल्लीत एकच गलका: "पोरावर प्रयोग करायलेत की! उंदीर समजले काय?"

मला या गलक्याचा राग येतो. प्रयोग तर या पोरावर लहानपणापासून चालू आहे. फिट आली की नाकाला चप्पल, मग अंगारा. कुणीतरी सांगितलं म्हणून गोळ्या बंद, त्रास वाढला की पुन्हा सुरू. मुलगी बघायला जायचं ठरलं की गोळ्यांची पट्टी गादीखाली. (फक्त अपस्मार, म्हणजे फिटचा आजार, आहे एवढ्यावर लग्न रद्द करायची तरतूद हिंदू विवाह कायद्यातून 1999 सालीच गेली. आमच्या सोयरिकींना ते अजून कळलेलं नाही.) आणि काउंटरवर रोज ऐकू येतं, "आज अर्धीच पट्टी द्या, पगार झाला की उरलेली नेतो." फिटची गोळी अचानक तुटली तर एकामागून एक फिट येऊन जिवावर बेतू शकतं. हा प्रयोग नाही तर काय? फरक इतकाच की त्याची नोंद कुणी ठेवत नाही आणि बिघडलं तर जबाबदारही कुणी नाही.

ट्रायलमध्ये निदान वही असते. बहुतेक ठिकाणी आधी काही आठवडे नुसत्या फिट मोजतात, चालू औषधं तशीच ठेवतात आणि त्यावर नवी गोळी किंवा तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी देतात. कुणाला कोणती मिळाली हे डॉक्टरलाही ठाऊक नसतं. म्हणजे तुमच्या वाट्याला रिकामी गोळीही येऊ शकते, हे आधीच समजून जावं. मधेच बाहेर पडायचा हक्क असतो, बाहेर पडलात म्हणून नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. औषधांच्या ट्रायलसाठी असलेल्या 2019 च्या सरकारी नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते.

भीती अगदीच खुळी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. फेल्बामेट हे फिटचं औषध अमेरिकेत 1993 मध्ये बाजारात आलं. वर्षभरातच काहींचं रक्त तयार होणं थांबलं, काहींचं यकृत निकामी झालं. ट्रायलमधल्या मोजक्या माणसांत असा क्वचित होणारा घात दिसेलच असं नाही. म्हणून "साइड इफेक्ट काही नाहीत" असं कुणी ठासून सांगितलं तर तिथून उठून यावं.

पण मावशींना मी आधी दुसरंच सांगितलं. डॉक्टरांना अर्ध्या पट्टीचं खरं सांगा. योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये घेऊनही फिट थांबत नसेल, तर औषधाला दाद न देणारा आजार म्हणतात. साधारण तीन रुग्णांत एकाचं असं होतं. तुमच्या पोराचं तसंच आहे, की गोळ्याच पोटात गेल्या नाहीत? हे कळल्याशिवाय ट्रायलचा विचार कशाला?

आणि मेंदूच्या ऑपरेशनचं विचारा. दिल्लीच्या एम्समध्ये औषधाला दाद न देणाऱ्या 116 मुलांवर ट्रायल झाली, 2017 मध्ये निकाल छापून आले. वर्षभरानंतर ऑपरेशन झालेल्यांपैकी 77 टक्के मुलांच्या फिट थांबलेल्या होत्या, नुसत्या औषधांवर राहिलेल्यांत 7 टक्के. ऑपरेशनच्या गटात तिघांतल्या एकाला गंभीर त्रासही झाला, कित्येकांची एक बाजू कमजोर झाली. दोन्ही आकडे आज समोर आहेत, कारण त्या आईबापांनी ट्रायलला होकार दिला. सगळ्यांनाच ऑपरेशन चालत नाही, पण तपासायला काय हरकत?

पोरगा सज्ञान आहे, त्यामुळे सही त्याची लागणार. संमतीपत्र मराठीत मागून घरी आणा, दुकानात बसून वाचू, असं त्याला म्हटलंय. बुडालेल्या रोजाचं आणि प्रवासाचं काय, तेही त्यातच बघायचं. तपासणीला जाताना रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस नको, आदल्या दिवशी दिवसाउजेडीच निघा म्हटलं. झोप मोडली की त्याला हमखास फिट येते.