ट्रायल माझी, कुरड्या काकूंच्या

पोराला सांभाळायला बाई ठेवायच्या आधी दोन-तीन दिवस ट्रायल घे असं मला सगळ्यांनीच सांगितलं होतं. पैसे देऊन हं, फुकट राबवायचं नाही. पहिल्या दिवशी आपण घरातच थांबायचं आणि नुसतं बघायचं, बाटलीला हात लावायच्या आधी बाई हात धुते का, मोबाईलमध्ये किती डोकं घालते, पोरगं रडलं की उचलते की वैतागते. तो दिवस मस्त गेला. आमचं पोरगं आठ महिन्याचं, या वयात नवीन चेहरा दिसला की भोकाड पसरतातच, पण मावशींनी अजिबात घाई केली नाही, लांब बसून वाटी-चमचा वाजवत राहिल्या, शेवटी हाच रांगत गेला त्यांच्याकडे. मी मनातल्या मनात त्यांना कायम करून टाकलं.

आज तासभर बाहेर जाऊन बघायचं होतं. बाहेर नवतपा, सकाळी नऊलाच चटके, तरी धरमपेठेत उगाच टरबुजाचे भाव विचारत फिरले. जिन्यात समोरच्या काकू भेटलेल्या, म्हणाल्या, "बिनधास्त जा, मी लक्ष ठेवते."

परत आले तर दार सताड उघडं, कूलर फुल्ल, आणि त्याच्या बरोब्बर समोर काकू. मांडीवर माझं पोरगं गाढ झोपलेलं.

"मावशी कुठे गेल्या?"

"गच्चीवर. कुरड्या टाकून राहिली."

"कोणाच्या?"

"कोणाच्या म्हणजे? माझ्या!"

"काकू, ती ट्रायलवर आहे."

"मग मी ट्रायलच तर घेऊन राहिली ना. जाऊन पाह्य वर, काय हात आहे बाईचा, एक धार तुटत नाही सोऱ्यातून."

"अहो पण तिला पोरासाठी ठेवून राहिलो आम्ही."

"पोराला मी पाहिलं ना! पोरगं थांबते वं, चीक थांबत नाही. तीन दिवस गहू भिजवला मी."

यावर काय बोलणार? तेवढ्या वेळात काकूंनी तिचं गाव, नवऱ्याचं पिणं आणि आडून आडून जातसुद्धा विचारून घेतली होती. मला संताप येतो याचा, पण पोरगं त्यांच्याच मांडीवर झोपलेलं, आवाज चढवायचीही सोय नाही.

वर गेले. प्लॅस्टिकच्या कागदाला चार कोपऱ्यांत विटा, मधे मावशी, डोक्यावर पदर, गरम चिकाने बोटं लालबुंद. म्हणाल्या, "ताई, काकू म्हणे तुम्हीच पाठवा म्हणलं."

कायद्याच्या कागदावर आपलं सगळं छान आहे तसं. २०१७ पासून बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे झाली, ती घेतली, वर बिनपगारी ताणली तीही संपत आली. त्याच कायद्यात पाळणाघराचंही आहे, पण ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, आणि आमच्या ऑफिसात आहेत पस्तीस टाळकी. त्यामुळे माझी नोकरी आता काकूंच्या चिकावर येऊन टेकली. आणि गंमत म्हणजे नवऱ्याला त्याच्या ऑफिसात आजवर एकानेही विचारलं नाही की पोराला कोण पाहणार. मला लिफ्टमध्येसुद्धा विचारतात.

खाली आले तर काकू म्हणतात, "तिचे आजचे पैसे पूर्ण दे बरं, उन्हात राबली बिचारी." दिले. मीच दिले! मावशींचा काय दोष त्यात? त्यांनी नोटा कमरेला खोचल्या आणि दारातूनच सांगितलं की उद्या नाही जमणार, काकूंचे पापड आहेत.

संध्याकाळी नवऱ्याला हे सगळं तावातावाने सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं त्याने, मग म्हणे, "आपल्याला देतील ना पण थोड्या कुरड्या?"