डब्याला होल मारून ऍव्हरेज वाढत नाही भाऊ

परत तो मेसेज फिरायला लागलाय. "ट्रकच्या एअर फिल्टरच्या डब्याला खालून चार होल मारा, आतला छोटा फिल्टर काढून फेका, टर्बोला मोकळी हवा मिळते, ऍव्हरेज लिटरला एक किलोमीटर वाढतं, कंपनीवाले हे मुद्दाम सांगत नाहीत." आमचे दोन टिपर खडी क्रशरवर चालतात आणि यावेळी तो मला आमच्याच ड्रायव्हरने पाठवला, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू.

आधी तो एक किलोमीटर. चारचं ऍव्हरेज देणारी गाडी पाच द्यायला लागली म्हणजे डिझेल वीस टक्के वाचलं. चार होलात! एवढं सोपं असतं तर कंपनीने होल पाडूनच गाडी विकली असती, जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहून.

आता "फिल्टर हवा अडवतो". अडवतो ना, पण किती? पाइपवर ते छोटं इंडिकेटर असतं बघा, लाल येतं ते, बऱ्याच टर्बोवाल्या (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा असलेल्या) गाड्यांना ते साधारण २५ इंच पाण्याच्या ओढीला (हवेची ओढ पाण्याच्या इंचात मोजतात) लाल होतं, आणि आपल्या डोक्यावरच्या हवेचा दाब त्याच मापात ४०७ इंच आहे. म्हणजे फिल्टर बदलायच्या टोकाला आला तरी दाब सहा टक्क्यांनी कमी. पनवेलवरून बोरघाट चढून पुण्यात आलात (५६० मीटर उंची) की हवेचा दाब आपोआप तेवढाच, किंबहुना थोडा जास्तच उतरतो. मग पुण्यातल्या सगळ्या गाड्यांचं ऍव्हरेज पनवेलपेक्षा एक किलोमीटर कमी आहे का? आणि हे चोकअप फिल्टरचं झालं, नवीन फिल्टरची ओढ तर याहून बरीच कमी असते.

एक गोष्ट मान्य. जुन्या मेकॅनिकल डिझेल पंपाच्या गाडीत फिल्टर खरंच पॅक झाला तर ती काळा धूर मारते, पिकअप जातो, डिझेलही खाते, कारण पंप हवा न बघता डिझेल सोडत राहतो. पण त्यावर उपाय फिल्टर बदलणं आहे, ड्रिल मशीन नाही. ज्यांना "फरक जाणवला" त्यातल्या बऱ्याच जणांनी होल मारताना फिल्टरही नवा टाकलेला असतो, ते कोणी सांगत नाही. बाकीच्यांना फरक दिसत नाही, ऐकू येतो. डबा उघडा पडला की टर्बोची शिट्टी जोरात येते आणि वाटतं गाडी पळायला लागली.

होल "खालून" मारायचा सल्ला तर कहर आहे. कंपनीने हवेचा पाइप केबिनच्या मागून टपापर्यंत उगाच नेलेला नाही, वर फुफाटा कमी आणि हवा गार. बोनेटवाल्या पिकअपमध्ये होल मारलं तर इंजिनजवळची गरम हवा ओढली जाते, बाहेर ३५ डिग्री आणि आत ६५ असेल तर तीच हवा जवळजवळ नऊ टक्के विरळ, म्हणजे चोक फिल्टरने जेवढं नुकसान केलं असतं त्याहून जास्त तुम्ही स्वतःच्या हाताने केलं. टिपरचा डबा चासीला, चाकाजवळ. तिथून हवा नाही, क्रशरची पावडर येते. एक लिटर डिझेल जाळायला कमीत कमी दहा हजार लिटर हवा लागते, दिवसाला किती पावडर जाईल तुम्हीच हिशोब करा.

आणि तो आतला फिल्टर, म्हणजे सेफ्टी, बाहेरचा फाटला तर धूळ अडवणारा. आमचा दुसरा टिपर सेकंडहँड घेतला तेव्हा मिस्त्रीने टर्बोकडे जाणारा होस काढला, आत बोट फिरवलं आणि न बोलता मला दाखवलं, बोटावर राखाडी पिठी. सेफ्टी आधीच्या मालकाने काढून टाकलेला आणि बाहेरचा फिल्टर टायरवर आपटून आपटून कागद फाटलेला. टर्बोच्या पंख्याच्या कडा घासून बोथट, ऑइलचं झाकण उघडलं तर धूर भसाभस. लायनर पिस्टन रिंग, टर्बो, सगळं करावं लागलं. त्या पैशात आयुष्यभराचे फिल्टर आले असते.

बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाड्यांना तर हे अजिबात करू नका, बऱ्याच गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर फिल्टरनंतर लगेच पाइपात बसलेला असतो, धूळ बसली की रीडिंग चुकतं, मग चेक लाईट लावून फिरा.

अजून एक, रोज हवा मारून फिल्टर चकाचक करायची पण गरज नाही. कागदावर धुळीचा पातळ थर बसला की तो नव्या फिल्टरपेक्षा बारीक धूळ धरतो. इंडिकेटर लाल येईपर्यंत हात लावू नका.

खरंच काही करायचं असेल तर डब्याच्या खाली चोचीसारखं रबर असतं ते बघा. इंजिनच्या ओढीने ते उघडझाप करतं आणि जाड धूळ फिल्टरला लागायच्या आधीच खाली टाकतं. आमच्या ड्रायव्हरने ते "लीक होतंय" म्हणून सुतळीने आवळून ठेवलं होतं, आणि डब्यात निम्म्यापर्यंत माती.