माझ्या बाटलीत कॅनमधलं स्टायरिन ओतलं!

आज सकाळी दहाला स्टायरिन भरलेला डायलॅटोमीटर (द्रवाचं आकारमान किती बदलतं ते बारीक नळीत दाखवणारं काचेचं उपकरण) ६० अंशांच्या पाण्यात सोडला. गरम झाल्यावर केशनलिकेतली पातळी वर चढली, स्थिर झाली. आता पाच-सात मिनिटांत ती खाली सरकायला लागायला हवी. स्टायरिन या द्रवाचे रेणू जोडले जाऊन लांब साखळ्या, म्हणजे पॉलिस्टायरिन हे प्लास्टिक, होताना आकारमान घटतं, आणि ती घट मोजणं हाच माझा प्रयोग. दहा मिनिटं गेली. वीस गेली. डोळा लावून बसले होते, रेघ केसभरही हलली नाही. पस्तीस मिनिटांनी कुठे पहिली हालचाल. तेव्हाच कळलं की माझ्या स्टायरिनमध्ये इनहिबिटर, म्हणजे ही क्रिया रोखून धरणारं रसायन, आहे. मी स्वतःच्या हातांनी काढलेला इनहिबिटर परत आत आलाय.

लॅबमध्ये विचारत फिरले. शेवटी एक ज्युनियर म्हणाला, "ताई, शुक्रवारी मला थोडं लागत होतं म्हणून तुमच्या बाटलीतलं घेतलं. पण तुम्हाला कमी पडू नये म्हणून कॅनमधलं परत भरून ठेवलंय."

परत भरून ठेवलंय! तळपायाची आग मस्तकात गेली. हा काय दुधाचा टोप आहे का, शेजारणीकडून वाटीभर आणलं आणि संध्याकाळी वाटीभर परत केलं? त्या बाटलीवर मी जाड मार्करने लिहिलं होतं: शुद्ध केलेलं, इनहिबिटर नाही, तारीख, माझं नाव. आणि हे घेतलं कशासाठी, तर रेझिनचे मणी किती फुगतात ते बघायला! त्यासाठी कॅनमधलं स्टायरिन जसंच्या तसं चाललं असतं. त्याआधीचा माझा अख्खा शनिवार-रविवार त्या बाटलीत होता, आणि तो मणी भिजवायला गेला.

ज्यांना वाटतं एवढं काय त्यात, त्यांनी एकदा हे काम करून बघावं. कॅनमध्ये येणाऱ्या स्टायरिनमध्ये १० ते १५ पीपीएम (दहा लाख भागांत १०-१५ भाग) टर्शरी ब्युटाइल कॅटेकॉल हा इनहिबिटर असतो, आम्ही सगळे टीबीसी म्हणतो. शंभर मिली स्टायरिनमध्ये जेमतेम एक-दीड मिलिग्रॅम. डोळ्यांना दिसणारही नाही इतकं. पण तेवढ्यावरच तो कॅन गोदामात, ट्रकमध्ये, उन्हातान्हात पातळ राहतो. ते काढायचं म्हणजे सेपरेटिंग फनेलमध्ये ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्याबरोबर हलवायचं. टीबीसी अल्कलीत जातं, खालचं पाणी गुलाबीसर होतं, हवेत बघता बघता तपकिरी पडतं. ते सोडून द्यायचं. परत कॉस्टिक, परत हलवायचं, परत सोडायचं. पाणी बिनरंगी येईपर्यंत. जोरात हलवलं की मधे फेसाळ थर बसतो आणि तो फुटायची वाट बघत अर्धा तास फ्यूम हूडसमोर उभं राहायचं. मग साध्या पाण्याने धुणं, लिटमस उदासीन दाखवेपर्यंत, कारण अल्कली राहिली तर पुढे वेगळीच कटकट. मग रात्रभर निर्जल सोडियम सल्फेटवर, फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी व्हॅक्यूममध्ये ऊर्ध्वपातन. साध्या दाबाला स्टायरिन १४५ अंशांना उकळतं, आणि इनहिबिटर नसताना तितकं तापवलं तर फ्लास्कमध्येच घट्ट होत जाईल. म्हणून पंप लावून पाऱ्याच्या २० मिमीच्या आसपास दाब आणायचा, म्हणजे ते ४५ अंशांजवळ येतं. पंपाचा दाब हलला की सगळं उसळून वर येतं. पहिला भाग टाकून द्यायचा, शेवटचा फ्लास्कमध्येच सोडायचा, मधला तेवढा घ्यायचा. पाचशे मिलीतून साडेतीनशे हाती लागलं तर देवाची कृपा.

आणि वास. स्टायरिनचा वास हातमोज्यांतून, ॲप्रनमधून, केसांतून घरापर्यंत येतो. त्या रविवारी रात्री जेवायला बसले तर आई म्हणाली, "अगं, कसला प्लास्टिक जळल्यासारखा वास येतोय?" दोनदा न्हाले होते मी.

हे सगळं शोधनिबंधात किती ओळींत येतं? एका. 'मोनोमर वापरण्यापूर्वी शुद्ध करण्यात आला.' बास. मोनोमर म्हणजे ज्या सुट्या रेणूंची साखळी होते ते, इथे स्टायरिन. दर आठवड्याच्या मीटिंगमध्ये मी सांगते की हे दोन दिवस मोनोमरमध्ये गेले, तर समोरून प्रश्न येतो, "हो, पण काम काय केलं?" हेच काम केलं, सर! हे नसेल तर पुढचं काहीच उभं राहत नाही.

सगळ्यात जास्त चीड मला एका सल्ल्याची येते, आणि तो देणारे सीनियर असतात. "एवढं कशाला धुत बसतेस, थोडं इनिशिएटर जास्त टाक, इनहिबिटर खाऊन टाकेल ते." अरे, इनिशिएटर म्हणजे साखळ्या सुरू करून देणारं रसायन, तो वाढवला की साखळ्यांची संख्या वाढते आणि लांबी कमी होते! एआयबीएन, म्हणजे माझा इनिशिएटर, चौपट केलं की साखळी निम्म्यावर येते, हे आम्ही एमएस्सीला शिकलोय. साधी फिल्म ओतायची असेल, विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिक दाखवायचं असेल, तर टाका जास्त, माझं काही म्हणणं नाही, चालतं ते. पण मी वेग मोजतेय. मला एआयबीएन मुद्दाम कमी ठेवावं लागतं. त्यातला अर्धाअधिक टीबीसी मारण्यातच खर्च झाला तर मी मोजतेय तरी काय? आणि प्रत्येक कॅनमधलं टीबीसी सारखंही नसतं, जुन्या कॅनमधलं कमी झालेलं असतं. आज वीस मिनिटं, उद्या पन्नास मिनिटं, आणि मग तेच सीनियर विचारणार, तुझे आकडे जुळत का नाहीत.

पुढच्या खोलीत ॲनायनिकवाले आहेत, ऋणभारित टोकावर साखळी वाढवणारे. त्यांच्या साखळ्या सुरू करणाऱ्या ब्युटिललिथियमला तर टीबीसीचा प्रोटॉन दिसला की ते तिथेच संपतं. ते आपल्या मोनोमरला कुणाला हात लावू देत नाहीत, आणि सगळे त्यांना खडूस म्हणतात. मला आता त्यांचं पूर्ण पटतं.

इनहिबिटर शोषून घेणाऱ्या बेसिक अल्युमिनाचा कॉलम सोपा, हे मलाही माहीत आहे. सिरिंजमध्ये कापसाचा बोळा, वर पांढरी पूड, वरून स्टायरिन सोडायचं, वरचा थर पिवळा पडत जातो आणि खाली शुद्ध थेंब येतो. कमी प्रमाणाला मीही तेच करते. पण आमच्याकडे तोच कॉलम महिनाभर चालतो! वरपासून खालपर्यंत पिवळा झालेला, बूच उघडं, पुण्याच्या पावसाळ्यात आठवडाभर हवेतली ओल पिऊन बसलेला. त्यातून ओततात आणि म्हणतात, इनहिबिटर काढला. तो कशानं काढणार? आणि नवी अल्युमिना मागवायची तर खरेदीच्या फाइलवर चार सह्या आणि तीन महिने.

शिवाय कुठल्या मोनोमरला काय चालतं हे विचारायचंच नाही. गेल्या वर्षी एकाने ॲक्रिलिक ॲसिड कॉस्टिकने धुवायला घेतलं. ॲसिड ते! फनेल हाताला चटका बसेल इतकं तापलं आणि सगळा मोनोमर मीठ होऊन पाण्यात गेला. दुसरीने तेच ॲसिड 'जपून ठेवते' म्हणून नायट्रोजन भरून, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवलं. त्यातला इनहिबिटर एमईएचक्यू, त्याला काम करायला विरघळलेला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजन भरला म्हणजे रखवालदाराचे हात बांधले. वर ते १३-१४ अंशांनाच गोठतं, आणि गोठताना इनहिबिटर सगळीकडे सारखा राहत नाही, म्हणजे काही भाग राखणीशिवाय उरतो आणि तो एकदम तापला की बेभान घट्ट होऊ शकतो. ती बाटली घाईघाईत गरम पाण्यात बुडवायला निघाली होती, मी धावत जाऊन हातातून घेतली. हे कुणी शिकवलं नाही तिला. कुणी शिकवायचं होतं? तिला रुजू करून घेताना तीन फॉर्मवर सह्या घेतल्या, पण पाच मिनिटं बसून हे सांगायला कुणाकडे वेळ नव्हता.

मे महिन्यात याच लॅबमध्ये कुणीतरी इनहिबिटर काढलेलं स्टायरिन खिडकीजवळच्या कपाटात ठेवून सुट्टीवर गेलं. लेबल नाही, नाव नाही. तीन आठवड्यांनी मी बाटली तिरकी केली तर आतलं द्रव एकतारी पाकासारखं काचेला धरून सरकलं. चार थेंब मेथॅनॉलमध्ये टाकले, पांढरे धागे वर आले, म्हणजे आत पॉलिस्टायरिन झालेलं. हे शंभर मिली होतं म्हणून निभावलं. ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमच्या एका कारखान्यात हेच स्टायरिन अख्ख्या टाकीत होतं. लॉकडाऊनमध्ये पडून राहिलेलं, टीबीसी अपुरं, आतलं तापमान चढत गेलं आणि वाफ शेजारच्या वस्तीत शिरली. १२ माणसं गेली. त्याच वर्षी आमच्याकडे सुरक्षिततेचं व्याख्यान झालं, सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि तरीही कपाटात बिनलेबलची बाटली!

त्या ज्युनियरवर मी ओरडले, आणि आवाज चढला याचं मला वाईट वाटतंय, कारण तो लपवाछपवी न करता खरं बोलला. पण चूक छोटी नव्हती हे मी त्याला ऐकवलंच. माझ्या वहीत गेल्या आठवड्याच्या तीन रनवर आता प्रश्नचिन्ह आहे. त्याने शुक्रवारीच घेतलं की आधीही कुणी घेतलं होतं, हे मला कोण सांगणार? आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे या लॅबमध्ये कमी नाहीत. तिन्ही रन परत करायचे म्हणजे पुन्हा धुणं, पुन्हा ऊर्ध्वपातन, पुन्हा प्रत्येक रनआधी फ्रीझ-पंप-थॉ (गोठवून, पंपाने हवा ओढून, वितळवून विरघळलेला ऑक्सिजन काढणं), द्रव नायट्रोजनची वाट बघणं आलं. पंधरा दिवस गेले.

आता रात्रीचे नऊ वाजलेत. नवा कॅन उघडलाय, पाचशे मिली फनेलमध्ये आहे. त्या ज्युनियरला थांबवून घेतलंय, फनेल त्याच्याच हातात दिलंय. दुसरं कॉस्टिक सोडून झालं, पाणी अजून गुलाबी येतंय. "ताई, अजून किती वेळा?" त्याने विचारलं. पाण्याचा रंग जाईपर्यंत, म्हटलं. आणि आजची बाटली सामायिक फ्रिजमध्ये जाणार नाही. ॲनायनिकवाल्यांना विचारलंय, त्यांच्या कुलपाच्या फ्रिजमध्ये एक कप्पा देतायत.