नाताळची भिशी आणि नाना

या महिन्याच्या भिशीची ‘थीम’ नाताळ ठरली आणि नंबर माझा लागला, एवढीच यामागची हकीकत आहे. पूर्वी आमच्या भिशीत बटाटेवडे आणि कॉफी यांवर भागत असे. आता खाण्याला विषय असावा लागतो आणि त्या विषयाचा फोटो चांगला यावा लागतो. म्हणून मी लाकडी गोल पाटावर रोझमेरीच्या काड्यांची हिरवी कड रचली आणि तिच्यावर ब्रीच्या फोडी, लाल मेणाच्या आवरणातला गौडा, पार्मेजानचे ओबडधोबड तुकडे आणि डाळिंबाचे दाणे बसवले. चीज फ्रिजमधून अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढले की त्याची चव खुलते, असे जाणकार सांगतात. मात्र या जाणकारांच्या घरात डिसेंबरच्या दुपारी कोथरूडचे पश्चिमेचे ऊन शिरत नसावे. रोझमेरीत ओघळू लागलेले ब्री मी सुरीने मागे लोटत होते, तेवढ्यात सासऱ्यांचे मित्र नाना बुद्धिबळ खेळायला आले.

नाना रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक आहेत. पाटासमोर थबकून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि आवाज उतरवून विचारले, “कोण गेले?”

“कोणी नाही, नाना. चीज आहे.”

“मग हे पुष्पचक्र कशासाठी?”

“नाताळात दारावर लावतात, तसा आकार केला आहे.”

“दारावरची वस्तू टेबलावर कशी?”

“खायची आहे, नाना.”

सल्फ्युरिक आम्लात पाणी ओतणाऱ्या विद्यार्थ्याकडे पाहावे, तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग चष्मा कपाळावर चढवून ते ब्रीवर वाकले. “सूनबाई, याला बुरशी आली आहे.” ती मुद्दाम वाढवलेली, खाण्याजोगी पेनिसिलियम जातीची बुरशी आहे, असे मी सांगताच त्यांचा चेहरा उजळला आणि माझी दुपार तिथेच संपली. सासऱ्यांनी आतून दोनदा हाका मारल्या, पण नाना पाटाशेजारची खुर्ची सोडायला तयार नव्हते.

मैत्रिणी आल्या, त्यांनी फोटो काढले, आणि पहिला हात पार्मेजानकडे जातो न जातो तोच नानांनी तास सुरू केला. अस्सल इटालियन पार्मेजान करताना दूध साकळण्यासाठी वासराच्या जठरातले रेनेट वापरतात, असे त्यांनी स्पष्ट उच्चारांत सांगितले. दुर्दैवाने हे शंभर टक्के खरे आहे. त्यातून मार्गशीर्ष चालू. पुढे आलेले सगळे हात एकदम मागे गेले. माझ्या चीजमधले रेनेट सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले होते आणि वेष्टनावर हिरवा ठिपकाही होता, परंतु ते वेष्टन कचऱ्याच्या डब्यात गेले होते. ते मी बाहेर काढले, पुसले आणि न्यायालयात पुरावा फिरवावा तसे सर्वांच्या हातून फिरवले. ठिपका सर्वांनी पाहिला, खाल्ले कोणीच नाही. “काही गरम आहे का गं?” एवढे मात्र एकीने विचारले, आणि कोपऱ्यावरून बटाटेवडे मागवावे लागले.

बटाटेवडेच खायचे होते, तर थीम ठरवण्यासाठी आठवडाभर मोबाइलवर मतदान कशासाठी घेतले, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही. भिशीची रक्कम हातात पडण्याआधीच तिच्यातला बरा वाटा चीजवाल्याकडे गेला होता. “किती सुंदर केलंस!” असे ज्या उत्साहाने म्हटले गेले, त्या उत्साहाच्या चतुर्थांशाने जरी कोणी एक तुकडा उचलला असता, तरी मला चालले असते. ज्या आल्याच नव्हत्या, त्यांनी फोटो पाहून कृती मागितली आहे.

नानांनी निघताना गौड्याचा उरलेला तुकडा “हिलाही चाखवतो” म्हणत कागदात बांधून नेला. त्यावरचे लाल मेण सोलून टाकायचे असते, हे मी त्यांना सांगितले नाही. रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला मेण ओळखू यायला हवे.