विकणारा म्हणतो विंटेज, सरकार म्हणतं भंगार

"साहेब, विंटेज गाडी आहे, खर्च तर येणारच." हे वाक्य ज्याने पहिल्यांदा काढलं त्याला हुडकून काढावा आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या लेथला बांधावा, असं झालंय मला. पत्रा ठोकणारा डेंटर हेच म्हणतो, वायरमन हेच म्हणतो, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा सामानवाला तर फोन उचलल्या उचलल्या हेच म्हणतो. परवा सीट शिवणाराही म्हणाला. अरे बाबा, तू रेक्झिन लावणार आहेस, तेही कालच कारखान्यातून आलेलं. त्याला कसलं आलंय विंटेज?

गाडी हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा क्लासिक. १९९१ ची, पेट्रोल, इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन. नोकरी करणारा माणूस आहे मी. हप्ते, शाळेची फी, किराणा भागून महिन्याला जे उरतं ते गाडीत घालायचं आणि हळूहळू ती उभी करायची, एवढाच बेत. मला कुठल्या रॅलीत मिरवायचं नाहीये.

आता ते विंटेज म्हणजे काय, हे केंद्र सरकारनं लिहूनच ठेवलंय. जुलै २०२१ चा नियम. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी. कॉन्टेसा बाजारात आली १९८४ ला. करा हिशोब. २०३४ उजाडेपर्यंत अख्ख्या देशात एकही कॉन्टेसा विंटेज ठरू शकत नाही. माझी ठरायला २०४१ लागणार. तोवर माझेच गुडघे बदलायला आलेले असतील.

मग तोवर ती कोण? तर पंधरा वर्षं उलटलेली जुनी गाडी. दर पाच वर्षांनी पासिंगला न्या, पर्यावरण कर भरा, नवी सुरक्षा नंबरप्लेट लावा. फेरनोंदणीची फी ६०० रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना १०,०००. मी ही गाडी रोज घेऊन कामाला जाणार नाही हो. रविवारी रंकाळ्यापर्यंत, फार तर पन्हाळा. पण दिवसाला शंभर किलोमीटर काळा धूर ओकत पळणारं खटारं आणि वर्षाला पाचशे किलोमीटरही न धावणारी माझी गाडी, कागदावर दोघं सख्खे भाऊ. भाव लावताना बाजाराला ती विंटेज आणि सवलत मागायला गेलं की सरकारला ती भंगार. पाकीट मात्र दोन्हीकडे माझंच उघडतंय!

आणि हे भाव वाढले कशाने? रीलवाल्यांनी. कुणीतरी काळा रंग मारला, रुंद टायर घातले, मागे गाणं लावलं आणि खाली लिहिलं 'भारताची मसल कार'. झालं. ज्या गाडीकडे भंगारवाला वजनाच्या भावानं बघत होता, तिच्या जुन्या टेल लाइटच्या जोडीला आता १५,००० सांगतात, त्यातही एक तडकलेली. ही तर तडकलीय म्हणालो तर म्हणे, "ओरिजिनल आहे म्हणून तडकलाय." काय बोलणार!

मसल कारचं तर सोडाच. मसल कार म्हणजे राक्षसी ताकदीच्या इंजिनाची अमेरिकन गाडी. १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओमध्ये ३८९ घन इंचाचं, म्हणजे सहा लिटरच्याही वरचं, ३२५ घोड्यांचं इंजिन होतं. आमच्या कॉन्टेसात सुरुवातीला अँबॅसिडरचंच १४८९ सीसीचं इंजिन होतं आणि पन्नासेक घोडे ते साडेचार मीटरचं धूड ओढत होते. इसुझूचं इंजिन आल्यावरसुद्धा नव्वदी गाठली नाही. मला ही गाडी आवडते ती तिच्या लांब नाकासाठी, मागच्या चाकांनी ढकलत नेणाऱ्या चालीसाठी. ताकदीच्या बढाया मारायला नाही.

जुन्या गाड्या उभ्या करणाऱ्या अमेरिकन लोकांचं मात्र मला खरंच वाईट वाटत नाही. तिकडे तुटपुंज्या पैशात पहिल्या पिढीची फोर्ड मस्टँग उभी करणारे रडत असतात की खर्च फार होतो. होत असेल. पण साठच्या दशकातल्या मस्टँगचा फ्लोअर, फेंडर, दार, रबर, अगदी पूर्ण नवी बॉडीसुद्धा आज तयार मिळते. कॅटलॉग उघडा, नंबर टाका, खोकं दारात. आमच्याकडे कॉन्टेसाची बॉडी मुळात व्हॉक्सहॉलची. ब्रिटनमध्ये ते मॉडेल सत्तरच्या दशकातच संपलं, आणि हिंदुस्तान मोटर्सने इथली कॉन्टेसा २००२ ला बंद केली. नवीन पत्रा कोणी काढत नाही. जे आहे ते दुसऱ्या मेलेल्या कॉन्टेसाच्या अंगावरचं. आणि दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आल्यावर किती चांगल्या गाड्या कापल्या गेल्या असतील, त्याचा विचार केला की जेवण जात नाही.

कलकत्त्याच्या मलिक बाजारातून एक बंपर मागवला. फोटोत चकचकीत. आला तो मधोमध वाकलेला, वर चंदेरी स्प्रे. फोन केला तर, "दादा, विंटेज माल है, ऐसाही आता है."

आता डेंटरकडे येऊ, कारण खरा जीव तिथे जातोय. गाडी खोलण्याआधीचा डेंटर आणि खोलल्यानंतरचा डेंटर ही दोन वेगळी माणसं असतात. आधी म्हणतो, "काही नाही हो, चार ठिकाणी पत्रा मारायचा, पुट्टी, प्रायमर, कलर. गणपतीला गाडी दारात." अॅडव्हान्स घेतो. मग मॅटिंग उचकटतो, सीट काढतो, दारं उतरवतो, आणि तुम्हाला बोलावून फ्लोअरमध्ये स्क्रूड्रायव्हर आरपार घालून दाखवतो. "बघा, सगळं खाल्लंय. ठरल्यात नाही व्हायचं हे." आता काय कराल? चार खोक्यांत भरलेली, दारं नसलेली गाडी उचलून दुसऱ्याकडे नेणार? तो ओळखून असतो की नाही नेणार. दुसरा डेंटरही अर्धी खोललेली गाडी घेत नाही, "ज्यानं खोलली त्यालाच विचारा" म्हणतो.

त्यात आपण पैसे देणार थोडे थोडे. तिथेच माती होते. कारण त्याच्याकडे रोज अपघाताच्या नव्या गाड्या येतात, विम्याच्या कामाच्या. बंपर बदला, दार बदला, बिल करा, पैसे खात्यावर. माझ्या गाडीत मात्र गंज कापायचा, पत्रा हातानं ठोकून वळण द्यायचं, वेल्डिंग करताना पत्रा तापून लाटा येणार नाहीत याची काळजी घ्यायची. डोकं आणि वेळ दोन्ही लागतं, आणि गिऱ्हाईक देणार पाच-पाच हजार. म्हणून माझी गाडी भिंतीकडे सरकवलेली. तिच्या टपावर आता इतर गाड्यांचे बंपर वाळत ठेवतात. त्याच्या पोटाचा प्रश्न आहे, कबूल. पण मग "गणपतीला" म्हणू नका ना! कुठल्या वर्षीच्या ते तरी सांगा.

एकदा मागच्या चाकाच्या कमानीचं काम झालं म्हणाला. गुळगुळीत, सुंदर. मी खिशातून चुंबक काढून लावलं. चिकटेना. आत वर्तमानपत्राचा बोळा, वर बोटभर पुट्टी. वर्तमानपत्र चालू महिन्यातलं होतं. विचारलं तर चेहऱ्यावर रेषही न हलवता म्हणतो, "साहेब, विंटेज गाडीला एवढं चालतंय."

या सगळ्या तक्रारीतून एक माणूस मात्र वगळायला हवा. उद्यमनगरातले लेथवाले काका. वॉटर पंपाचं शाफ्ट कुठेच मिळेना, तर त्यांनी जुनं हातात घेतलं, व्हर्नियर लावून माप घेतलं, "परवा या" म्हणाले आणि परवा दिलं. पैसे सांगितले ते लेथच्या तासांचे. गाडी कुठली हेसुद्धा विचारलं नाही. कोल्हापुरात इंजिनं ओतणारी, घडवणारी माणसं अजून आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं चाललंय.

पेट्रोलचं बोलायलाच नको. पण बोलतो. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल. १९९१ च्या कार्बोरेटरचं रबर, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा पडदा, पाइप, हे काही इथेनॉल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं नाही. ते फुगतं, मऊ पडतं, चिरतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि उभ्या गाडीच्या टाकीत आतून गंज. म्हणजे सगळे पाइप नव्या प्रकारच्या रबराचे टाका, हा खर्च वेगळा. ऊस आमच्याच पंचगंगेच्या काठचा असेल, त्याच्याशी भांडण नाही, शेतकऱ्याला दोन पैसे मिळू देत. पण जुन्या गाड्यांसाठी बिनइथेनॉलचं पेट्रोल कुठेतरी ठेवा की! जास्त ऑक्टेनचं महागडं पेट्रोल घ्या म्हणे. घ्या. विंटेज आहे ना गाडी.

आणि सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट. २०१७ ला अँबॅसिडर हे नाव ८० कोटींना विकलं गेलं, पुढे २०२२ मध्ये कॉन्टेसाचंही नाव विकलं गेलं. नावाला गिऱ्हाईक आहे. नुसत्या अक्षरांना! आणि त्या नावाच्या गाडीच्या दाराचं बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, बनवायला या देशात कोणी तयार नाही. दोनशे-पाचशे मालक मिळून साचा काढू म्हटलं, तर निम्म्यांना आपल्याकडचा जुना माल दामदुप्पट विकायचा असतो, ते कशाला नवीन होऊ देतील.

असो. डाव्या मागच्या दाराचं बीडिंग आणि पुढच्या काचेचं रबर कुणाकडे पडून असेल तर कळवा. तडकलेलं चालेल, वाळलेलं चालेल. भाव रबराचा सांगा. "साहेब, विंटेज" एवढं ऐकलं की मी फोन ठेवणार.