स्टेपनीचा विषय

सीबीएसईच्या शाळेतून नववीचा फॉर्म येतो तेव्हा पाच विषय शाळेनं आधीच ठरवलेले असतात. पालकांच्या अकलेला वाव असतो तो सहाव्या रकान्यात. तिथे ‘कौशल्य विषय’ असं छापलेलं असतं आणि पुढे तीन आकडी क्रमांकांची लांबच लांब यादी. दचकू नका. त्यातले एक-दोनच विषय तुमच्या मुलाच्या शाळेत मिळतात, त्यामुळे निवड म्हणजे बहुतेकदा नुसती सही. तरी निवडायची वेळ आलीच तर एक कसोटी पुरे: तासावरून आल्यावर मुलाला हात साबणानं धुवावे लागतील का? लागणार असतील तर तो विषय आपल्या घरातला नव्हे.

या कसोटीवर ४०४, म्हणजे ऑटोमोटिव्ह, पहिल्याच फेरीत बाद. ग्रीस निघत नाही. (निघतं. आधी हाताला गोडंतेल चोळायचं, मग साबण. पण हे माहीत असणंच मुळी आपल्याकडे कमीपणाचं.) ४१६ ही बहुकौशल्याची भानगड आहे. वर्कशॉप, वीज, स्वयंपाकघर, बाग असं सगळं थोडं थोडं करायला लावतात. शेतीचं नावच काढू नका. गावची जमीन विकून बडोद्याच्या करेलीबागेतला फ्लॅट घेतला तो काय पोरानं परत कुदळ धरावी म्हणून? उरले ४०२ आणि ४१७, आयटी आणि एआय. यांतला कुठलाही घ्या. संध्याकाळी दांडिया बाजारात कुणी काकू भेटल्या आणि “काय घेतलंय रे?” म्हणाल्या, तर “आयटी” एवढंच सांगायचं. सांगताना जीभ मात्र वेळेवर थांबवा. आयटीच्या पुढे चुकून आणखी एक ‘आय’ लागला, की काकू लगेच विचारतील, “का रे, गणितात कमी पडले का?”

आता गुणांचं. नववी-दहावीला या विषयात ५० गुण लेखी आणि ५० प्रात्यक्षिकाचे. अकरावी-बारावीला बहुतेक विषयांत ६० आणि ४०. दहावीच्या लेखी ५० पैकी १० गुण ‘रोजगारक्षमता’ नावाच्या भागाला आहेत. त्यात संवाद, स्वतःचं व्यवस्थापन, उद्योजकता, हरित कौशल्यं असं काय काय येतं. प्रभावी संवादाचे सात मुद्दे मुलाकडून घोकून घ्या. ते त्यानं खोलीचं दार आतून लावून घोकले आणि दिवसभर कुणाशी एक शब्द बोलला नाही, तरी गुण कापत नाहीत.

पण या विषयाचं खरं मोल दुसरीकडेच आहे. गणित, विज्ञान किंवा समाजशास्त्र यांपैकी एकात मुलगा आपटला आणि कौशल्य विषयात उतरला, तर त्या नापास विषयाच्या जागी हा धरून निकाल लावतात. म्हणजे ही स्टेपनी. आणि स्टेपनी कुणी रोज उघडून बघतं का? डिकीत असली म्हणजे झालं. उद्या मंडळानं नियम बदललाच, तर या विषयावरचं पालकांचं प्रेम किती टिकेल, याचा अंदाज तुमचा तुम्ही करा.

४०२ घेतला असेल तर अभ्यासाची योग्य पद्धत समजून घ्या. दहावीत लिबरऑफिस आहे: रायटरमध्ये स्टाइल्स आणि अनुक्रमणिका, कॅल्कमध्ये गोल सीक, बेसमध्ये तक्ते आणि प्रायमरी की. हे सगळं संगणकावर करून बघता येतं, सॉफ्टवेअर फुकट आहे, तासाभरात घरच्या यंत्रावर चढतं. म्हणूनच ते करून बघू देऊ नका. गोल सीक करून बघितलं तर त्याला कळेल की १२ हजारांचा हप्ता ८ हजारांवर आणायचा तर कर्ज किती घ्यावं, हे उलटीकडून काढता येतं. मग तो तुमच्या गाडीच्या कर्जाचे आकडे त्यात घालून बसेल, आणि ते तुम्हाला परवडणारं नाही. त्यापेक्षा ‘टूल्स मेन्यू, मग गोल सीक’ हा क्रम स्तोत्रासारखा पाठ करून घ्या. अनुक्रमणिकेचंही तेच. शीर्षकांना हेडिंगची स्टाइल दिली तरच अनुक्रमणिका आपोआप तयार होते. नुसतं अक्षर मोठं आणि ठळक केलं तर ती रिकामी येते. प्रोजेक्टातसुद्धा अनुक्रमणिका ठिपके टाकून हातानं टाइप केलेली आढळते आणि पान क्रमांक चुकलेले असतात. परीक्षकाला ती आवडते, कारण मेहनत दिसते.

प्रात्यक्षिकाची वही स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळते. नाव, इयत्ता, अनुक्रमांक तेवढा भरायचा. अवजारांची चित्रं पेन्सिलीनं ट्रेस करावीत: कानस, हॅकसॉ, गुण्या, पक्कड. हॅकसॉच्या पात्याचे दात कोणत्या बाजूला, याचा विचार करू नका. ते पुढे, मुठीपासून लांब असतात, कारण कापणी पुढे ढकलताना होते. चित्रात मात्र ते दोन्हीकडे छान दिसतात. शाळेतल्या कपाटाची किल्लीही विचारू नका. कपाटातले सोल्डरिंग गन आणि मल्टिमीटर थर्माकोलमध्ये बसवलेले आहेत, त्यांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात आहे आणि तपासणीच्या दिवशी ते मोजून दाखवायचे आहेत. वापरलेली वस्तू मोजताना घोळ होतो.

कधीकधी नशीब फिरतं आणि शाळेला खरोखर काम येणारे सर मिळतात. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, जीआयडीसीत, वर्षानुवर्षं हात काळे केलेले, आता तासावर येणारे. असे सर पहिल्या महिन्यातच प्लायवुडच्या तुकड्यावर जिन्याचं वायरिंग करायला लावतात, म्हणजे एकच दिवा खालूनही आणि वरूनही लागावा-विझावा. दोन टू-वे बटणं, एक होल्डर, दीड चौरस मिलिमीटरची लाल आणि काळी वायर. प्रत्येक बटणाला तीन स्क्रू, मधला तो कॉमन. फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, पहिल्या बटणाच्या कॉमनवर, तिथून दोन वायरी दुसऱ्या बटणाच्या बाहेरच्या दोन स्क्रूंना, दुसऱ्याच्या कॉमनमधून होल्डरला. न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, सरळ होल्डरला जाते, बटणाला शिवतसुद्धा नाही. वर्गातल्या निम्म्या पोरांचा कॉमन आणि बाजूचा स्क्रू एका ठिकाणी उलटतो. मग खालून लावलेला दिवा वरून बंद होतो, पण एकदा वर बंद केला की खालून लागतच नाही. तुमच्या सोसायटीच्या जिन्यात गेली सहा वर्षं हेच चाललंय आणि तुम्ही त्याला ‘बटण जरा नाठाळ आहे’ म्हणता.

इथपर्यंत ठीक. पण असे सर पुढेही जातात. एक बोर्ड ते मुद्दाम चुकीचा जोडून देतात, म्हणजे बटण फेजऐवजी न्यूट्रलवर. दिवा लागतो, विझतो, सगळं शहाण्यासारखं चालतं. मग सर बटण बंद करतात आणि होल्डरला टेस्टर लावतात. टेस्टर पेटतो. दिवा विझलेला असतानाही होल्डरपर्यंत फेज आलेलीच आहे, आणि बल्ब बदलताना बोट आत गेलं तर बटण बंद असण्याचा काहीएक उपयोग नाही, हे पंधरा वर्षांच्या पोराला डोळ्यांनी दिसतं. असं पोर घरी येऊन काय करतं? टेस्टर घेऊन घरभर फिरतं. बाथरूमच्या बोर्डात बटण न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं. बेडरूममधला एलईडी बंद केल्यावरही रात्री मंद लुकलुकतो, त्याचं कारण बहुधा हेच, असं ते आजोबांना सांगतं. गीझरच्या सॉकेटला अर्थिंगची वायर नुसतीच गुंडाळून ठेवलीय, हेही त्याला कळतं. म्हणजे ज्या माणसाला तुम्ही पैसे मोजून घराचं वायरिंग करून घेतलं, त्याची लाज गेली, आणि पोराचा गणिताचा क्लास बुडाला तो वेगळाच.

अशा वेळी पालकांच्या ग्रुपवर लगेच लिहावं: “मुलांच्या सुरक्षिततेचं काय?” पुढचा तास पीपीटीवर होईल.

बडोद्यात राहून हे सगळं करायला एक अडचण आहे, आणि ती सयाजीरावांनी करून ठेवलीय. कलाभवन त्यांनी १८९० साली सुरू केलं. रंगकाम-छपाई, सुतारकाम, विणकाम, यंत्रकाम, आणि तेही मातृभाषेतून, म्हणजे कारागिराच्या पोराला इंग्रजी येत नाही म्हणून घरी बसायला नको. पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर. रसायनं जाणणारा माणूस. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यावर डांबर ओतलं गेलं तेव्हा डाग काढून देणारे हेच. पुढे १९०७ साली अलेम्बिक ही औषधांची कंपनी उभी राहिली, तिच्या संस्थापकांतही अमीन आणि कोटिभास्करांबरोबर गज्जर आहेत. दादासाहेब फाळकेही कलाभवनात शिकून गेले. ही नावं गणेशोत्सवातल्या भाषणात जरूर घ्यावीत. मुलगा ऐकत असेल तर मात्र पुढच्या वाक्याला ‘पण तो काळ वेगळा होता’ जोडायला विसरू नका.

सरकारकडून घाई होईल, अशी भीती नको. १९८६ च्या शिक्षण धोरणात लिहिलं होतं की उच्च माध्यमिकचे १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळतील. २०२० च्या धोरणात लिहिलं की २०२५ पर्यंत निदान ५० टक्के मुलांना त्याची ओळख होईल. १९९५ गेलं, २०२५ही गेलं. त्याच २०२० च्या कागदात हेही आहे की १९ ते २४ वयाच्या कामकऱ्यांत रीतसर व्यवसाय शिक्षण घेतलेले आपल्याकडे ५ टक्क्यांहून कमी, जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६. या आकड्यांनी मन विचलित झालंच तर जर्मनीत मास्टर्स करायला गेलेल्या भाच्याचे फोटो बघावेत.

काही माहिती मुलापासून लपवून ठेवावी लागते. दहावीनंतर आयटीआयमध्ये वेल्डरचा ट्रेड एका वर्षात होतो, फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोन वर्षांत, आणि दोन वर्षांचा ट्रेड केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तिथून डिग्रीला. वाट लांबची आहे, पण बंद कुठेच होत नाही. मुलाला हे बारावीच्या निकालानंतर कळलं तरी चालेल. तोवर दोन वर्षं आणि क्लासची फी आपण सत्कारणी लावलेली असते.

तर एवढं सगळं नीट पाळलंत आणि तरीही फॉर्म भरताना चूक होऊन पोराला ४०४ मिळाला असेल, तरी काळजी करू नका. वही तयार मिळते, तोंडी परीक्षेचे प्रश्न आधीच्या तुकडीकडून येतात, बाहेरून आलेल्या परीक्षकांना चहाबरोबर बडोद्याचा लीला चेवडा आवडतो. पन्नासात अठ्ठेचाळीस कुठे जात नाहीत.

मग कधीतरी अहमदाबादहून येताना रात्री टायर बसेल. गाडी कडेला, हँडब्रेक, गाडी पहिल्या गिअरमध्ये, तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड. नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे, कारण जॅकवर चढवलं की पान्याबरोबर चाकही फिरतं. जॅक दाराखालच्या खाचेत, पत्र्याला नाही. नवं चाक चढवल्यावर नटाची निमुळती बाजू आत, आधी हातानं, मग गाडी खाली टेकवून समोरासमोरचे आळीपाळीनं आवळायचे. ओळीनं आवळले तर चाक तिरकं बसतं. हे सगळं तोंडी परीक्षेत विचारतात, आणि मुलाला ते येतं. विचारून बघा, एका दमात म्हणून दाखवेल. तुम्ही मोबाइलचा उजेड धरा आणि त्याला डिकी उघडू द्या. सामान बाजूला काढून, गालिचा उचलून तो स्टेपनीवर अंगठा दाबेल.

अंगठा आत जाईल.