विचार कसा करता ते दाखवायचंय? मग विचार करत बसू नका

आजकाल नोकरी असो, एमबीए असो की ऑफिसातलं प्रमोशन, टिक मारायचा पेपर झाला की वरून एक गुंतागुंतीचा प्रश्न हातात देतात आणि सांगतात, बाबा याला बरोबर उत्तर असं काही नाहीये, आम्हाला फक्त तुम्ही विचार कसा करता ते बघायचंय. हे ऐकून ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांच्यासाठी हे लिहितोय. अहो घाबरता काय, बरोबर उत्तरच नाही तर चुकणार कुठून?

समजा विषय आला, इंदूरची बीआरटीएस, म्हणजे रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी राखलेली लेन. 2013 ला सुरू झाली, फेब्रुवारी 2025 मध्ये हायकोर्टानं हटवायचा आदेश दिला, मधल्या काळात शहरातल्या प्रत्येक पोह्याच्या ठेल्यावर याचा निकाल लागलेला आहे, एका वाक्यात. पण तुम्ही एका वाक्यात लिहू नका. ‘काढून टाका’ असं लिहिलंत की तुम्ही खालच्या पायरीवर, आणि ‘प्रत्येकाचं आपापलं मत’ असं लिहिलंत तर मधल्या. हे मी मनानं सांगत नाहीये, किंग आणि किचनर या दोन अमेरिकी संशोधक बायांनी माणूस अवघड प्रश्नावर विचार कसा करतो याच्या चक्क सात पायऱ्या मांडल्यात. तुम्हाला सातवीवर उडी मारायचीय, त्यासाठी चढायची गरज नाही, ‘उपलब्ध पुराव्यांच्या आधारे, नवीन माहिती आल्यास फेरविचाराच्या अधीन राहून’ एवढं लिहिलं की झालं.

त्याआधी कोहलबर्ग नावाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले, त्यांच्याही पायऱ्याच, पण नैतिक विचाराच्या. बायको मरायला टेकलीय, औषध परवडत नाही, नवऱ्यानं ते चोरावं का, असा त्यांचा प्रश्न. गंमत म्हणजे चोरी करा म्हणा की नका करू म्हणा, पायरी ठरायची ती कारणावरून. मूळ कल्पना वाईट नाहीये हो, पाठांतर आणि विचार यात फरक करायचा तर माणसाला लिहू किंवा बोलू द्यावंच लागतं. पण एकदा का कुठल्या कारणाला किती मार्क हे बाहेर कळलं, की ते कारण इंदूरच्या कोचिंग क्लासांच्या भंवरकुआंला झेरॉक्समध्ये मिळायला लागतं. यूपीएससीचा निबंध 250 मार्कांचा, तीन तासांत दोन, म्हणजे सुरुवातीला कुणाचं तरी उद्धरण, मग पाच बाजू (सामाजिक, आर्थिक, पर्यावरण वगैरे, पाचवी सापडली नाही तर ‘नैतिक’), शेवटी वे फॉरवर्ड. बीआरटीएस असो की बालविवाह, साचा तोच.

आमच्या जेल रोडच्या एक काकू आहेत, त्यांच्यासारखं मात्र चुकूनही लिहू नका. त्या म्हणतात, ‘गीता भवनला स्टॉप रस्त्याच्या मधोमध, तिथवर जायला गाड्या थांबत नव्हत्या ते खरं, पण आता काढल्यावर बस कडेला थांबणार ना, आणि कडेला तर चारचाक्या लावून ठेवलेल्या, मग मी उतरू कुठं? आणि त्या गाड्या कोण हटवणार, तेच ना ज्यांनी हे बांधलं?’ ना प्रस्तावना, ना ‘तथापि’. पेपर तपासणारा समासात लिहील, विषयांतर.

लांबीत कंजुसी नको. अमेरिकेत 2005 ला सॅट या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेत निबंध आला तेव्हा एमआयटीच्या लेस पेरेलमननी नमुने तपासले, तर नुसती लांबी बघून मार्कांचा अंदाज येत होता, आणि माहितीतल्या चुकांना मार्क कापायचेच नाहीत असं ठरलेलं. तर सन चुकलं तर चुकू द्या, पान भरा. तपासायला मशीन असेल तर आणखीनच सोपं, याच गृहस्थांनी 2014 मध्ये एक प्रोग्राम केला, दोन-तीन शब्द टाकले की भारदस्त भाषेत शुद्ध बडबड तयार, आणि मशीन त्याला भरपूर मार्क देतंय.

माणूस तपासणार असेल तर? मग देवाला हात जोडा. डीडरिक नावाच्या अमेरिकी संशोधकाचा 1961 चा अभ्यास आहे, 300 निबंध, 53 तपासणारे, एकूण नऊ श्रेणी, आणि 94 टक्के निबंधांना कमीत कमी सात वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या. तेव्हा मार्क कमी आले तर परीक्षक बेकार होता म्हणा, आणि चांगले आले तर आपला विचारच खोल आहे असं घरी सांगा, मावशीला फोन करून पण सांगा.

एक धोका तेवढा सांभाळा. लिहिता लिहिता मधेच खरोखरच एखादी शंका येते, की अरे, आपण वर जे लिहिलं ते तर याच्याशी जुळतच नाहीये. तिकडं बघू नका, घड्याळ बघा. अगदीच राहवलं नाही तर शेवटच्या रफ पानावर लिहा आणि वरून काट मारा, काट मारलेलं कुणी तपासत नाही.